घडाभर तेल

ही पोस्ट दोन प्रकारच्या मंडळींसाठी आहे. एक, आमच्यासारखे इकडे अमेरिकेत राहणारे, ज्यांच्या घरामागे लाकडी डेक आहे आणि दर मे महिन्यात 'यंदा स्टेन करायचा का?' हा प्रश्न ज्यांना छळतो. दुसरे, आमचे तिकडचे मामा, आत्या आणि काका, ज्यांना फोनवर 'शनिवारी डेकला तेल लावायचंय' असं सांगितलं की हमखास 'डोक्याला?' असं ऐकू येतं.

तर मामा, डेक म्हणजे आपल्या ओट्याचा अमेरिकन चुलतभाऊ. फरक इतकाच की ओटा घराच्या पुढे असतो आणि डेक मागे. ओट्यावर बसतात ते येणारं-जाणारं माणूस दिसावं म्हणून; डेकवर बसतात ते कुणाला आपण दिसू नये म्हणून. खाली लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर बोटभर फटी सोडून ठोकलेल्या फळ्या, की झाला डेक. पाऊस, बर्फ आणि ऊन सगळं त्याच्या उघड्या अंगावर.

आमचा डेक आधीच्या मालकाने इपे नावाच्या लाकडाचा केलेला आहे. हे ब्राझीलचं लाकूड. आम्ही घर घेतलं तेव्हा तो चहाच्या रंगाचा होता. दोन हिवाळ्यांनंतर हत्तीच्या रंगाचा झाला. लगेच घरात दोन पक्ष पडले. माझा तपकिरी पक्ष, म्हणजे दर वर्षी घासा, तेल लावा, पहिला रंग परत आणा. बायकोचा करडा पक्ष. तिचं म्हणणं, लाकूड म्हातारं होतंय तर होऊ दे, आपण आपले केस रंगवतो तेवढं पुरे. वाद जिंकायचा म्हणून मी वाचायला बसलो, आणि लाकडाला तेल लावण्याच्या इतिहासात असा काही शिरलो की मे महिना संपून गेला. (त्या वर्षी करडा पक्ष आपोआप जिंकला.)

सुरुवात अर्थात जहाजांपासून. डेक हा शब्दच मुळात जहाजाचा. डच लोकांकडून इंग्रजीत आला आणि त्याचा जुना अर्थ नुसता 'आच्छादन', झाकण. जहाजाच्या पोटावरचं झाकण ते डेक. आता माझी भाबडी समजूत अशी होती की समुद्रात वर्षानुवर्षं भिजणाऱ्या त्या फळ्यांना खलाशी भरपूर तेल पाजत असणार. दोरखंडांना ते डांबर चोपडायचे हे खरं. फळ्यांच्या फटींत जुन्या दोरांचा काथ्या ठासून वर डांबर ओतायचे हेही खरं. पण फळीचा पृष्ठभाग मात्र कोरडा आणि उघडा. रोज सकाळी समुद्राचं पाणी ओतायचं, वाळू टाकायची आणि मऊ वालुकाश्माच्या दगडाने गुडघे टेकून घासायचं. गुडघे टेकण्याच्या त्या पवित्र्यामुळे इंग्रज खलाशी मोठ्या दगडाला 'बायबल' म्हणत आणि कोपऱ्याकापऱ्यातल्या छोट्या दगडाला 'प्रार्थनेचं पुस्तक'. तेल लावलं असतं तर ओल्या डेकवरून माणसं घसरली असती. सागाच्या फळीला तशी वरच्या तेलाची गरजही नव्हती, कारण तिच्या पोटातच तेल असतं. बायकोला हे मी लगेच सांगितलं नाही.

साग म्हटला की आपली मुंबई आलीच. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि पुढची दीडशे वर्षं त्यांच्या घराण्याने तिथल्या गोदीत सागाची जहाजं बांधली. इंग्लंडमधला ओक कमी पडायला लागला होता. शिवाय ओकमधल्या टॅनिनने लोखंडी खिळे गंजतात, सागात ते टिकतात. ब्रिटिश आरमाराच्या हे चांगलंच लक्षात आलं. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारच्या सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलं. तारीख बघा. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरची. पेशवाई बुडायला महिनाही उरला नव्हता आणि इकडे हे जहाज तरंगत होतं. ते अजूनही तरंगतं आहे, ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी. दोनशे वर्षांहून जुनं, मुंबईत जन्मलेलं लाकूड.

या जहाजाची आणखी एक गंमत. त्याचे मूळ नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईला निघाले होते. ती डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजाने हरवली आणि मग पेटवून दिली. नकाशे गेले, पुन्हा पाठवावे लागले. म्हणजे मुंबईचा साग थांबला तो ब्राझीलच्या पाण्यात आणि अमेरिकनांमुळे. त्याच 'जावा'वर थॉमस हिस्लॉप नावाचे सेनानी मुंबईला रुजू व्हायला निघाले होते. ते वाचले, सुटले आणि पुढे हिंदुस्थानात आले. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारा हिस्लॉप तो हाच. दोन महिन्यांनी खानदेशात थाळनेरच्या किल्लेदाराला फासावर चढवणाराही हाच. (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते वेगळे, ते मिशनरी. विदर्भातल्या नातेवाइकांनी रागावू नये.)

असो. गाडी रुळावर आणतो.

मग लाकडाला बाहेरून रंगीत तेल पाजायची ही अमेरिकन रीत आली कुठून? त्याचं एक मूळ बॉस्टनमध्ये सापडतं. तिथे सॅम्युअल कॅबट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८७७ साली कारखाना काढला. त्या काळी दगडी कोळशापासून दिव्यांसाठी गॅस बनवत आणि मागे डांबर उरे. त्या डांबरातून निघणारं क्रिओसोट हे काळपट, उग्र वासाचं तेल लाकूड कुजू देत नाही. कॅबटने त्यात रंग मिसळून घरांच्या लाकडी कौलांसाठी स्टेन विकायला काढले. पेंट लाकडावर थर होऊन बसतो, हे तेल आत मुरतं. लाकडाच्या रेषा दिसत राहतात आणि पोपडे निघत नाहीत. स्टेन म्हणजे 'डाग', आणि लोक हौसेने पैसे मोजून आपल्या घरावर डाग पाडून घेऊ लागले, हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

कोकणातल्यांना यात नवीन काही वाटणार नाही. आमच्या आजोळी वाशांना काजूच्या टरफलांचं काळं तेल लावत. हाताला लागलं की फोड येत, म्हणून आम्हा पोरांना त्या दिवशी पडवीत यायची बंदी. वाळवीलाही बंदी.

आमच्या न्यू जर्सीने लाकडी फरशीच्या इतिहासात एक मोठी भर घातलेली आहे. अटलांटिक सिटी हे समुद्रकाठचं गाव. लोक वाळूतून फिरून यायचे आणि पायांना चिकटलेली वाळू आगगाडीच्या डब्यांत आणि हॉटेलांच्या गालिच्यांवर सांडायचे. अलेक्झांडर बोर्डमन हा रेल्वेचा कंडक्टर आणि एक हॉटेलमालक यांनी मिळून वाळूवर फळ्या टाकायची टूम काढली. २६ जून १८७० रोजी तो रस्ता उघडला. हिवाळा आला की फळ्या उचलून ठेवून द्यायच्या. पुढे असे बोर्डवॉक सगळ्या किनाऱ्यावर झाले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा १९२३ चा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बोर्डवॉकांच्या झिजलेल्या फळ्यांच्या जागी ब्राझीलची इपे यायला लागली, कारण हजारो चपला, खारं वारं आणि सफाईच्या गाड्या या सगळ्यांना ती पुरून उरायची.

घरामागचा डेक मात्र बराच नंतरचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर उपनगरं पसरली, प्रत्येकाला मागचं अंगण मिळालं. कॅलिफोर्नियात थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ च्या सुमारास डॉनेल कुटुंबाच्या बागेत रेडवुडचा असा डेक केला की मधली ओकची झाडं तोडावीच लागली नाहीत, फळ्यांना भोकं ठेवून त्यातून ती वर येऊ दिली. तिथून ही हौस पसरली. आणि उघड्यावरचं लाकूड राखायचं कसं, यावर सरकारी प्रयोगशाळा कामाला लागल्या. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी १९१० पासून लाकडाची एक केंद्रीय प्रयोगशाळा आहे. तिने पन्नासच्या दशकात घरी करता येईल असं एक मिश्रण लोकांना दिलं: जवसाचं उकळलेलं तेल, पातळ करायला स्पिरिट, पाणी दूर ठेवायला मेण, उन्हासाठी मातीचे तपकिरी रंग आणि बुरशीसाठी पेंटाक्लोरोफेनॉल. यातलं शेवटचं विष निघालं, ऐंशीच्या दशकात ते सामान्य माणसाला विकणं थांबलं. पण बाकीची पाककृती अजून तीच आहे. आज दुकानातला कुठलाही 'पेनिट्रेटिंग ऑइल' म्हणून मिळणारा डबा उघडा, आत या मॅडिसनच्या मिश्रणाची नातवंडं-पतवंडं भेटतात.

आता एक नाव सांगतो, जे मला हे सगळं वाचण्याआधी अजिबात माहीत नव्हतं आणि जे इथल्या प्रत्येक डेकवाल्या देशी माणसाला माहीत असायला हवं. सोंती कामेसन. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणारे आपले तेलुगू शास्त्रज्ञ. १९३३ साली त्यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण लाकडात दाबाखाली भरायची पद्धत शोधली. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्यांत घट्ट बांधून ठेवतं, म्हणजे पावसात धुऊन जात नाहीत. १९३८ साली त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. साधं, स्वस्त, लवकर कुजणारं पाइनचं लाकूड या औषधाने हिरवट होऊन दशकानुदशकं टिकायला लागलं. आधी तारांचे खांब, मग सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेतले जवळपास सगळे डेक आणि मुलांच्या बागांतल्या घसरगुंड्यासुद्धा. म्हणजे ज्या पिढीने इथे डेकवर बार्बेक्यू केले, ती डेहराडूनच्या एका शोधावर उभी होती. त्यांना ठाऊक नव्हतं, आपल्यालाही नव्हतं.

पुढे त्या आर्सेनिकवर प्रश्न उभे राहिले. थोडं थोडं का होईना, ते पृष्ठभागावर येतं, मुलं फळ्यांवर रांगतात आणि तेच हात तोंडात घालतात. फेब्रुवारी २००२ मध्ये कारखानदारांनी सरकारशी समझोता केला आणि ३१ डिसेंबर २००३ नंतर घरगुती कामासाठी असं लाकूड बनवणं थांबलं. त्याच्या जागी जास्त तांब्याची औषधं आली, जी साधे खिळे खाऊन टाकतात. प्लास्टिक आणि भुशाच्या फळ्या आल्या. आणि ज्यांना औषध नको, प्लास्टिकही नको, पण खिसा बरा होता, त्यांच्या अंगणात इपे आली. आमच्या आधीचा मालक त्यातला.

इपे ही चीजच वेगळी. पाण्यात टाकली तर बुडते. सागाच्या जवळपास तिप्पट कठीण. तिच्यात साधा स्क्रू जात नाही, आधी ड्रिलने भोक पाडावं लागतं. तिच्या नळ्यांमध्ये लॅपाकॉल नावाची पिवळी पूड भरलेली असते, घासायला लागलं की हिरवट-पिवळा धुरळा उडतो. हेच लॅपाकॉल अल्कलीला भेटलं की लाल होतं. पहिल्यांदा डेक धुताना फळ्यांमधून लाल पाणी वाहायला लागलं तेव्हा शेजारच्या बाई कुंपणावरून 'सगळं ठीक आहे ना?' म्हणून विचारत्या झाल्या.

आता मुख्य प्रश्न. कुजत नसेल तर तेल कशाला? उत्तर एका वाक्यात: रंगासाठी. उन्हातले अतिनील किरण लाकडातला लिग्निन हा बांधणारा पदार्थ फोडतात, पाऊस तो धुऊन नेतो, वर उरतात ते करडे तंतू. त्याने फळीची ताकद जात नाही. नुसत्या पारदर्शक तेलानेही हे थांबत नाही, कारण ऊन त्यातून आरपार जातं. थांबवतो तो रंग, म्हणजे तेलात मिसळलेली मातीची बारीक पूड. ती छत्रीचं काम करते. म्हणून डबा निवडताना 'क्लिअर' म्हटलेला घेऊ नये आणि अगदी दाट, रेषा झाकणाराही घेऊ नये. मधला, अर्धपारदर्शक, लालसर तपकिरी घ्यावा. दुकानातल्या कागदी नमुन्यावर विश्वास ठेवू नये. जिन्याखालच्या एखाद्या फळीवर लावून, दोन दिवस उन्हात बघून मग ठरवावं. आणखी एक, डब्यावर तारीख बघावी तसा हवेत उडणाऱ्या द्रावकाचा आकडाही बघावा. १९९८ च्या केंद्रीय नियमाने अशा स्टेनमध्ये लिटरमागे ५५० ग्रॅमपर्यंत सूट होती. आमच्या न्यू जर्सीसारख्या राज्यांनी २००५ पासून ती २५० वर आणली. तेव्हा जुन्या डेकवाल्यांनी 'पूर्वीचं तेल राहिलं नाही' म्हणून गळे काढले. तूप-लोण्याबद्दल आपल्याकडे काढतात तसेच.

लावण्यापेक्षा आधीची धुलाई महत्त्वाची. प्रेशर वॉशर नको, तो तंतू उकलतो आणि मग पायात कुसळं शिरतात. कपड्यांचे डाग काढायच्या पावडरीत असतं ते सोडियम परकार्बोनेट पाण्यात घालून मऊ ब्रशने घासायचं आणि नळीने धुवायचं. त्यानंतर ऑक्झॅलिक अॅसिडचं पातळ पाणी. अळूने घसा खवखवतो तो याच्याच एका क्षाराने. तांब्याचा बंब चिंचेने घासला की कसा उजळतो, तशी काळवंडलेली फळी या पाण्याने उजळते. लोखंडाचे काळे डागही जातात. (म्हणूनच इपेवर स्टीलवूल कधी वापरू नये, त्याचे कण मागे राहून काळे ठिपके उठतात. स्क्रूही स्टेनलेसचेच.) हातमोजे, चष्मा आणि कुंडीतली तुळस दूर. मग दोन कोरडे दिवस. मग साठ-ऐंशी नंबरचा खरखरीत पॉलिश पेपर. इथे आपला हात बारीक पेपरकडे जातो, फर्निचरसारखं गुळगुळीत करावंसं वाटतं. तसं केलं तर आधीच घट्ट असलेल्या लाकडाची उरलीसुरली तोंडं बंद होतात आणि तेल वरच राहतं.

तेल लावताना सावली हवी. मी सकाळी पश्चिमेच्या बाजूने सुरू करतो. दोन फळ्या घ्यायच्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात न्यायच्या, मध्ये थांबलं की सांध्यावर गडद पट्टा उमटतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि मग, हे सगळ्यांत अवघड, जे लावलं ते पुसून काढायचं. सगळं. पाइनचं लाकूड तेल पितं, इपे नुसती ओठ ओले करते. न मुरलेलं तेल राहिलं तर ते आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर पानं, डास, मुलांचे मोजे असं सगळं चिकटतं. दुसरा हात द्यायचा मोह टाळायचा. निम्मं तेल फडक्यात जातं, जाऊ द्यावं.

आणि आता ती फडकी. इथे मी हसत लिहीत नाही. जवसासारखी तेलं 'सुकतात' म्हणजे उडून जात नाहीत, ती हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि त्यात उष्णता निघते. फळीवर ती उष्णता निघून जाते. चुरगळून ढिगाने टाकलेल्या फडक्यांत ती कोंडते, वाढत जाते आणि ढीग आपोआप पेटतो. काडी नको, ठिणगी नको. आमच्यापासून तासाभरावरच्या फिलाडेल्फियात 'वन मेरिडियन प्लाझा' ही ३८ मजली इमारत होती. २३ फेब्रुवारी १९९१, शनिवार. लाकडी पॅनेलना पॉलिश करणाऱ्या कामगारांनी जवसाच्या तेलाची फडकी बाविसाव्या मजल्यावर ठेवून दिली होती. रात्री ती पेटली. वीज गेली, पाण्याचा दाब पुरेना. मजल्यामागून मजले जळत गेले, अग्निशमन दलाचे तीन जवान आत रस्ता चुकून धुरात गुदमरून गेले. तिसाव्या मजल्यावर भाडेकरूने बसवून घेतलेले स्प्रिंकलर होते, तिथे आग थांबली. इमारत काळी होऊन शहराच्या मध्यभागी उभी राहिली आणि १९९९ मध्ये पाडली गेली. हे वाचल्यापासून आमच्या घरी नियम आहे: कामाच्या मध्ये जेवायला उठलं तरी फडकी हिरवळीवर एकेक पसरून सुकवायची, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवायची. गॅरेजच्या कोपऱ्यात बोळा करून कधीच नाही. घरातल्या सगळ्यांना, अगदी नऊ वर्षांच्या मुलीलाही हे पाठ आहे. तुम्ही घरी दाराला जवसाचं तेल किंवा पॉलिश करत असाल तर तुम्हीही करा.

एवढं वाचून तपकिरी-करडा वाद मिटेल असं वाटलं होतं. त्याऐवजी नवीनच प्रश्न निघाला. ही फळी आली कुठून?

दर फेब्रुवारी-मार्चला मुंबईत विक्रोळीजवळ हायवेच्या कडेला गुलाबी फुलांनी झाडं लगडतात आणि सगळ्यांचे फोटो येतात. ती टॅबेबुया, कुणी वसंतराणी म्हणतात. इपे तिचीच सख्खी चुलत बहीण, २००७ पर्यंत दोघींचं आडनावही एकच होतं. मग वनस्पतिशास्त्रज्ञांनी इपेला वेगळं घर करून दिलं. आपला बुच आणि मेडशिंगी हे याच कुळातले. फरक असा की इपे रस्त्याच्या कडेला ओळीने वाढत नाही. अॅमेझॉनच्या जंगलात ती विखरून असते, एका मोठ्या झाडापासून दुसऱ्यापर्यंत बरंच रान तुडवावं लागतं. त्या एका झाडासाठी रस्ता कापतात आणि मग त्या रस्त्याने बाकीचे येतात. २०१८ मध्ये ग्रीनपीसने दाखवलं की ब्राझीलच्या पारा राज्यात तोडीच्या परवान्यांवर नसलेली इपेची झाडं कागदोपत्री दाखवतात आणि त्या कागदांवर दुसरीकडून चोरून तोडलेलं लाकूड 'पांढरं' करून घेतात. अमेरिकेने २००८ मध्येच बेकायदा लाकूड आणणं हा गुन्हा ठरवला होता, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या महापौरांनी शहराच्या कामांत उष्णकटिबंधातलं लाकूड कमी करायची घोषणा केली होती. पण कागद नीट असला की फळी काय बोलणार? नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत इपेला साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातलं आणि २५ नोव्हेंबर २०२४ पासून ते लागू झालं. ही बंदी नाही. निर्यात करणाऱ्या देशाने प्रत्येक खेपेला परवाना द्यायचा, एवढंच.

इथे मला परत साग आठवतो. आरमाराची भूक इतकी होती की १८०६ साली कंपनीने मलबारच्या जंगलांवर वॉटसन नावाच्या कॅप्टनला 'कॉन्झर्व्हेटर' नेमलं. त्याने जंगल राखलं कमी आणि मक्तेदारीने लोकांना लुटलं जास्त. शेवटी १८२३ मध्ये मन्रोने ते पदच रद्द केलं. साग संपत चालला होता. मग १८४० च्या दशकात कलेक्टर कॉनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी निलंबूरला सागाची रोपं लावायला घेतली. बी रुजेना, अनेक प्रयोग फसले, शेवटी जमलं. आज जगात विकला जाणारा बराच साग लागवडीचा असतो, त्याची वाट तिथून निघाली. इपेला अजून तिचे चातू मेनन भेटलेले नाहीत. ती हळू वाढते आणि मोठ्या प्रमाणावर तिची लागवड नाही, आमच्या पायाखाली आहे ती जंगलातलीच. ती कुठल्या कागदावर आली हे आता कळायला मार्ग नाही. आधीच्या मालकाकडे पावती होती, जंगलाचं नाव नव्हतं.

यंदाच्या वसंतात जिन्याच्या चार पायऱ्यांची लाकडं बदलायची वेळ आली. कडा झिजल्या होत्या आणि एकीला लांब भेग. सुताराने नव्या इपेचा भाव सांगितला, परवान्याची लाकडं मिळतात म्हणाला. मी विचार करतो म्हटलं. बायकोने विचारलं, "उलटी करून बसवता येणार नाही का?" सुताराने डोकं खाजवलं, भेगेवाली फळी सोडून बाकी तीन काढल्या आणि उलट्या करून त्याच जागी बसवल्या. चौथीसाठी बाकाच्या मागची एक फळी कापली.

तर सध्याची तहाची कलमं अशी. कठड्याचा हात, जिथे आपण कोपर टेकवतो, तो तपकिरी. त्याला दर वर्षी तेल, एक सकाळ पुरते आणि फडकी दोनच लागतात. बाकी जमीन करडी, तिला फक्त साबणपाणी. पायऱ्या मात्र दोन्ही पक्षांना निरुत्तर करून बसल्या आहेत. खालच्या बाजूने त्या इतकी वर्षं सावलीत होत्या, तेलाचा थेंब न लागता अजून गडद तपकिरी आहेत. आता वर आल्या आहेत, म्हणजे दोन हिवाळे.

मामा, तुमच्या झोपाळ्याच्या फळीला काय लावता ते पुढच्या फोनवर सांगा. आणि फडकी कुठे टाकता तेही.